तुझा पातेरा अजून तिथंच आहे

सुशे, काल तिन्हीसांजेला तुझा दिनू माझ्या मागच्या पडवीत येऊन बसला. तेरावं उरकलं, पाहुणे एस.टी. धरून गेले, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली. मी चहा दिला, तो त्यानं हातात धरून ठेवलान, प्यायला नाही. मग खाली बघतच विचारलान, "काकी, शेवटी तुम्हीच जवळ होतात. आई बागेचं काही बोलली का?"

मी म्हटलं, उद्या सांगते रे, आज डोकं जाग्यावर नाही. खोटं. डोकं चांगलं जाग्यावर होतं, जीभ नव्हती.

परवा गडी यायचेत. दिनूनं त्यांना सांगूनच ठेवलंय: तुझ्या आगरातली मागची सगळी झाडी तोडायची, झाडांखालचा सुका पातेरा ओढून ढीग करायचे, आग लावायची, म्हणजे पाऊस लागायच्या आत जागा साफ. ज्या पाचोळ्यात आईला फुरसं डसलं तो पाचोळा मला डोळ्यांसमोर नको, म्हणाला. त्याचं काय चुकलं? पण लगेच म्हणाला, आई जर नको म्हणाली असेल तर मी एका पानाला हात लावायचा नाही, ती म्हणाली असेल ती पूर्व दिशा. म्हणजे बघ, तुझी वीस वर्षांची मेहनत माझ्या जिभेवर येऊन बसलीय. आणि तू जाताना मला काय सांगून गेलीस ते तुला ठाऊक नि मला ठाऊक.

आता दुपार आहे. हे आत घोरतायत. मी पायरीवर बसून तुझ्या आगराकडे तोंड करून बोलतेय. तू असतानाही बोलायची मी एकटीच, तू आपली कळशी घेऊन पुढं पुढं चालायचीस नि "हं, हं" करायचीस. आता तेवढंही नाही.

तुम्ही ही जागा घेतलीत तेव्हा इथं होतं काय? वाळू, आणि वाळूवर सरपटणारी ती जांभळ्या फुलांची वेल. भाऊजी बंदरावर नोकरीला, बदली झाली नि समुद्राकाठी घर बांधायची हौस आली. तुम्ही सामान घेऊन यायच्या आधी मी शेजारधर्म म्हणून ती सगळी वेल उपटून जागा लख्ख करून ठेवली. वाटलं, नवीन बाई येईल, बघून खूश होईल. तू आलीस नि कपाळाला हात लावलास. "अहो, ही मर्यादवेल. हिनं वाळू धरून ठेवली होती. तुम्ही माझ्या बागेचं जोतंच उपटलंत हो." नमस्कार नाही, चमत्कार नाही, तुझं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. मी तरी कुठं कमी? म्हटलं, वेलीवर बाग बांधणारी बाई मी पहिलीच बघते. तिथून आपली जी जुंपली ती जुंपलीच. आठवड्याभरात अहो-जाहो गळून पडलं, तू मला इंदे म्हणायला लागलीस नि मी तुला सुशे.

तू केळशीची नि मी देवरूखच्या वरच्या अंगाची, खरं भांडण तिथलं होतं. आमच्याकडे डोंगरउतारावर चैत्र आला की माणूस आगकाडी घेऊनच हिंडतो. झाडांच्या फांद्या तोडून आणायच्या, त्यावर शेण, गवत, पाला, वर माती, आणि पेटवायचं. त्या राखेवर पेरलं की भाताचं रोप असं तरारून येतं की बघत राहावं. भाजावळीचा धूर नाकात गेला की मला आजही माहेरी गेल्यासारखं वाटतं. जागा भाजली म्हणजे जागा शुद्ध झाली, हे आम्ही आईच्या दुधातून प्यायलेलो. तू म्हणायचीस, तुमची माती आहे, आमची वाळू आहे. वाळूला राखेचं काय कौतुक? एका पावसात समुद्रात जाते. वाळूला पाला हवा, कुजलेला, ओला, हातभर. केळशीच्या आगरांत कुणी पान जाळत नाही म्हणे. मी म्हणायची, म्हणूनच केळशीची माणसं अशी.

लोक बाग करतात तेव्हा आधी गुलाब लावतात, तू आधी भिंत लावलीस, आणि तीही झाडांची. समुद्राच्या अंगाला केवडा आणि निगडी. त्यांच्यामागे उंडी, करंज, रानभेंडी, खारा वारा ज्यांचं काही वाकडं करू शकत नाही अशी. त्यांच्या आडोशाला मग माड, केळी, रायवळ आंबा, सोनचाफा, अबोली. तेव्हा सरकारी माणसं सुरूची रोपं फुकट वाटत फिरत होती. सगळ्या वाडीनं घेतली, आम्हीही घेतली. तू एकटीनं परत पाठवलीस, सुरूखाली दुसरं काही उगवत नाही म्हणून. तुझी रोपं मात्र दर वर्षी वाऱ्यानं करपायची, तू झावळ्यांचा आडोसा करून पुन्हा लावायचीस. हे म्हणायचे, सुशीलावहिनी समुद्राशी हुज्जत घालतायत. मग एका वर्षी उंडी माझ्या डोक्यावर गेली, आणि माझ्या अंगणातली पपई वाऱ्यानं आडवी व्हायची थांबली. मी तुला तसं कधी बोलून दाखवलं नाही. तू तरी काय कमी, रोज त्या पपईकडे बघून गालात हसायचीस.

माडाला भुंगा लागला की सगळे बाजारातून ती पांढरी पावडर आणून शेंड्यात ओतायचे. तू माड उतरवणाऱ्या पाडेल्याला तारेची आकडी देऊन वर चढवायचीस, एकेक भुंगा ओढून काढायला लावायचीस आणि पानांच्या बेचक्यात मीठ नि वाळू भरायचीस. शिवाय स्वतः खाली उभी राहून ओरडून सांगायचीस, अरे त्या पाखराच्या घरट्याला हात लावू नको. पाडेली मला येऊन सांगायचा, वहिनी माड उतरवायला बोलावतात की पाखरांची विचारपूस करायला? मोरीचं पाणी अळवाला नि केळीला. माडाच्या आळ्यात झावळ्या, नारळाची सोडणं, केळीचे कापलेले खांब, सगळं तिथल्या तिथं कुजू द्यायचं. वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, तुझ्या नाही. तू म्हणायचीस, पातेरा ओल धरून ठेवतो, मला उपसावं कमी लागतं, म्हणून माझ्या विहिरीत खारं शिरत नाही. मी म्हणायची, तुझी विहीर समुद्रापासून लांब आहे म्हणून. आपण दोघींनी कधी जाऊन मोजलं नाही. मोजलं असतं तर एकीला गप्प बसावं लागलं असतं.

आणि ती तुझी पाहुणेमंडळी. वीज पडून मेलेला माड तू तोडू दिला नाहीस, त्याच्या ढोलीत पोपट राहतात म्हणून. दगडाची दोण पाण्यानं भरून ठेवायचीस, त्यात पुन्हा चपटे दगड, मधमाश्या बुडू नयेत म्हणून. केळीच्या लोंगरातली एक फणी रात्री फळं चोरायला येणाऱ्या त्या रानमांजरासाठी, कांडेचोरासाठी सोडायचीस. मी म्हटलं, कांडेचोर काय तुझा जावई आहे? तर म्हणालीस, जावई वर्षातून एकदा येतो, हा बिचारा रोज येतो. मला हसू आवरेना. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, डोकं फिरलंय त्या बाईचं. मी म्हटलं, फिरलेलं असेल, पण तुमच्याहून बरं चालतं.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही, आता सांगते. माझी आई गेली तेव्हा भर पाऊस होता, वाटेत दरड कोसळली होती, देवरूखची गाडी बंद. मला पोचता आलं नाही. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, मला आणखी रडवायच्या. तू आलीस नि माझ्या हाताला धरून मला तुझ्या आगरात नेलंस. उंडीखाली बसवलंस आणि हातात खुरपं दिलंस. म्हणालीस, हे अबोलीचे वाफे बघ, सगळं रान माजलंय. बस्स, एवढंच. मी दुपारपर्यंत रान काढत होते नि रडत होते. एक दयाळ पाखरू अगदी माझ्या हाताजवळ येऊन उकरलेल्या मातीतले किडे टिपत होतं. मी हलले तरी जाईना. त्या दिवशी मला त्या पातेऱ्याचा वाससुद्धा बरा वाटला. तुझे उपकार आहेत गो माझ्यावर, हे मी एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं होतं.

पण पातेरा जाळ, हे मी म्हणतच राहिले. तुला कारण माहीत होतं. माझी चुलतबहीण माहेरी फुरशानं गेली. वीतभर जनावर, मातीच्या रंगाचं, पाल्यात बसलं की माणसाला दिसत नाही. बारीकसं चावलं, आणि मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येत राहिलं, थांबेना. मी लहान होते, दारातून बघत होते. त्यानंतर वाळलेलं पान नुसतं करकरलं तरी मी पाय उचलून मागे सरते. दर फाल्गुनात मी वईपाशी, आपल्या मधल्या कुंपणाशी उभी राहून तुला सांगायची, सुशे, जाळ गो हा पाला, एखाद दिवशी हात घालशील नि पान लागेल, डसेल जनावर.

आणि तुझं उत्तर ठरलेलं. काठी आपटत जाते मी, त्याला पळायला वेळ देते. जाळलंस तर बेडूक मरतात, सरडे मरतात, गांडुळं मरतात, खाली घरटं केलेल्या पाखरांची पिल्लं मरतात. फुरसं मात्र दगडी गडग्याच्या चिऱ्यांत गार बसून राहतं. वर्षानुवर्षं तेच, तसंच, न चिडता. तू चिडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. मी माझं अंगण झाडून रोज संध्याकाळी पाला पेटवायची, आणि वारा फिरला की धूर तुझ्याकडे जायचा. तू खिडकी लावून घ्यायचीस. त्या खिडकीचा आवाज मला इथं ऐकू यायचा.

त्या संध्याकाळी तू वईच्या फटीतून आलीस तेव्हा उजव्या हाताचं बोट पदरात घट्ट धरलेलं होतं. मी विचारलं, काय झालं? म्हणालीस, "काटा लागला. केवड्याचा." मी हळद दिली. तू लावलीस. आमच्याकडे नवीन टीव्ही आलाय म्हणून तू रोज बातम्यांना यायचीस, तशी बसलीसही. हात मांडीखाली दाबून. मला आठवतंय, ह्यांनी काहीतरी विनोद केला तर तू हसलीस. बातम्या संपल्या तशी उठलीस, जाते म्हणालीस. मी बघितलंसुद्धा नाही नीट, मला पोळ्या करायच्या होत्या.

सकाळी तू फुलं काढायला दिसली नाहीस म्हणून मी आले. तू ओटीवर टेकून बसली होतीस. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि पदराला रक्त पुसलेलं होतं, हिरड्यांचं. मला बघून म्हणालीस, फुरसं होतं. रायवळचा आंबा पडल्याचा आवाज आला, काठी हातात नव्हती, कळशी होती. वाकले नि हात घातला. एवढं सगळं तू असं सांगितलंस, जसं काही दूध उतू गेलं.

हे धावत जाऊन कुणाची तरी जीप घेऊन आले. रस्ताभर मी तुझं तोंड पुसत होते. डॉक्टरांनी विचारलं, कधी चावलं? तू म्हणालीस, काल संध्याकाळी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काल? मग काल का नाही आणलंत? त्यांच्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं होतं, ते तू मला सांग. त्यांनी इंजेक्शनं दिली, बाटल्या लावल्या, त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं. पण रात्रभर ते विष अंगात फिरत होतं, आणि भाऊजींच्या मागे रिकाम्या झालेल्या त्या घरात तू एकटी बसून ते अंगात फिरू दिलंस.

सुशे, काटा का म्हणालीस?

मी तेराही दिवस हेच विचारतेय. स्वयंपाक करताना विचारतेय, केर काढताना विचारतेय. "बघ, मी सांगत नव्हते" असं मी म्हणेन म्हणून? एवढ्यासाठी? अगो, म्हटलं असतं मी. शंभरदा म्हटलं असतं. पण म्हणत म्हणत तुला जीपमध्ये घातलं असतं, आणि रत्नागिरी येईपर्यंत तुझ्याशी भांडत तुला जागी ठेवलं असतं. की तुला वाटलं, आत्ता फुरसं म्हटलं तर हे नि वाडीतले चार जण रॉकेलचा डबा घेऊन धावतील आणि उजाडायच्या आत सगळं राख होईल? तेही झालं असतं, नाही म्हणत नाही. मग त्या मेल्या पाल्यासाठी तू तुझा जीव दिलास? मला तुझा इतका राग आलाय ना सुशे. तू समोर असतीस तर हाताला धरून गदागदा हलवली असती.

दिनूला ट्रंककॉल केला होता, तो वाटेत होता. तुझ्या खाटेजवळ मी एकटीच. तुझ्या तोंडातून रक्त यायचं थांबत नव्हतं, लघवी बंद झाली होती, डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलून गेले होते. मी तुझे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होते. तू डोळे उघडलेस. "इंदे," म्हणालीस, "तुझं खरं होतं. जाळ सगळं."

मी म्हटलं, गप पड.

तू माझं मनगट धरलंस. केवढा जोर होता त्या हातात. "जाळ. दिनूला सांग."

मग तू फक्त पाणी मागत राहिलीस. दिनू पोचला तेव्हा तू गेली होतीस.

तुझं खरं होतं. हे शब्द तुझ्या तोंडून ऐकावेत म्हणून मी किती वर्षं झुरले असेन. एकदा, फक्त एकदा तू वईपाशी येऊन म्हणावंस, इंदे, तुझं खरं गो, आणि मी म्हणावं, जाऊ दे, चहा घे. मी त्याची वाट बघायची, वेड्यासारखी. आणि मिळालं ते हे असं. रक्ताचं फडकं हातात, आणि तू म्हणतेस तुझं खरं होतं. मला ते शब्द नको होते. तोंडातून बाहेर आले तसे परत आत ढकलावेत असं वाटलं मला.

तू घाबरून बोललीस का? घाबरलेलीच होतीस, मला दिसत होतं. का नाही घाबरणार? अंगातून रक्त जात असताना कुणाला बेडकांची नि पिल्लांची आठवण राहील? की माझ्यासाठी म्हणालीस? मी रोज त्या वईला लागून वावरते, माझी नातवंडं मे महिन्यात येतात, म्हणून? की नुसतंच, जाता जाता मला काहीतरी द्यायचं म्हणून? तुझा स्वभाव तसा होता, तू घरी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नव्हतीस. मला कळत नाही सुशे. कळलं असतं तर काल दिनूला लगेच सांगून मोकळी झाले असते.

दहाव्याला बायका जमल्या होत्या तुझ्या पडवीत. एकीनं सुरू केलंन, पाचोळा पोसला नि पाचोळ्यानंच खाल्लं हो. दुसरी म्हणाली, आगर म्हणजे स्वच्छ असावं, ही तर जनावरं पाळून होती. माझेच शब्द, अक्षर न् अक्षर, मीच वाडीभर बोलून बोलून त्यांच्या तोंडात घातलेले. आणि माझं डोकं असं सणकलं. मी म्हटलं, तुमच्या केळी उभ्या आहेत त्या कुणाच्या आडोशानं? समुद्राचा वारा कुणाच्या उंडीनं अडवून धरलाय? गेल्या वैशाखात तिच्या विहिरीचं पाणी नेताना तुम्हाला पाचोळा दिसला नाही तो? मी उठून घरी आले, मोरीत तोंड धुतलं, आणि रडले. रडताना लाज वाटत होती, की ज्या बाजूनं मी भांडले ती माझी नव्हतीच.

काय सांगू दिनूला? तू सांग म्हणालीस ते सांगितलं तर परवा दुपारपर्यंत सगळं संपेल. आणि माझी भीतीसुद्धा संपेल गो, ते का लपवू? मला शांत झोप लागेल. तुझाच निरोप, मी फक्त पोचवायचा. इतकं सोपं आहे.

*

दिवेलागण झाली. दिनू आत्ता येऊन गेला.

पुन्हा तोच प्रश्न. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. म्हटलं, "नाही रे. बागेचं काही बोलली नाही. पाणी मागत होती."

त्याला काहीतरी ऐकायचं होतं, जाळ म्हणून नाहीतर नको म्हणून, आईचं काहीही. मग म्हणाला, "मग तुम्ही सांगा, काकी. तुम्ही म्हणाल तसं करतो."

झालं. मला वाटलं होतं एकदा खोटं बोललं की सुटले, तर सगळंच्या सगळं माझ्या गळ्यात. क्षणभर आलं मनात, म्हणावं, जाळ. माझंच मत आहे ते, त्यात खोटं काहीच नाही. तोंड उघडलंसुद्धा.

मी म्हटलं, "मला विचारशील तर मी जाळ म्हणेन. मला फुरशाची भीती आहे, ती काय माझी आता जायची नाही. तुझी आई मात्र नको म्हणायची." आणि मग मी त्याला तुझं सगळं सांगितलं. वाळूला राख का चालत नाही ते, विहिरीचं, बेडकांचं, पाखरांच्या पिल्लांचं, फुरसं चिऱ्यांत कसं बसून राहतं ते. तू सांगायचीस तसंच, त्याच क्रमानं. एकही मुद्दा गाळला नाही. मला इतकं पाठ आहे हे मलाच माहीत नव्हतं. दिनू ऐकत होता. त्यानं कधी तुझं हे सगळं ऐकलंच नव्हतं, मुंबईत असतो तो, यायचा तेव्हा तू त्याला नुसतं खायला घालायचीस.

ऐकून घेतलान आणि म्हणाला, "आईचं नको तर नको." उठून गड्यांकडे गेला, येऊ नका म्हणून सांगायला. जाताना म्हणाला, काकी, मी गणपतीला येईन, तोवर तुम्ही लक्ष ठेवा. म्हणजे मला आता तिथं जायचंय. त्या पाल्यात. तुला चावलेलं ते तिथंच कुठंतरी आहे, त्याला कुणी मारलं नाही. उद्या माझ्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हाताला डसलं तर ते माझ्या डोक्यावर. नातवंडांना यंदा येऊ नका म्हणून कळवायचं ठरवलंय. एवढी भ्यायलेय मी.

मरणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द मोडू नये म्हणतात. मी मोडला. वईपाशी उभी राहून मला नको म्हणणारी सुशी मला जास्त ओळखीची होती, मी तिचं ऐकलं. खाटेवरची जी घाबरून माझं मनगट धरून होती तीही तूच होतीस, तिचं मी ऐकलं नाही. तिची माफी मागते. तिचा हात धरून बसले होते, तेवढंच तिच्यासाठी मला करता आलं.

आणि तू "तुझं खरं होतं" म्हणालीस ते मी ऐकलेलं नाही, सुशे. आपलं मिटलेलं नाही.